वीस लाख व्होल्ट, कशावरून?

मध्य प्रदेशातील बीना येथे 2012 साली 1200 किलोव्होल्टच्या राष्ट्रीय चाचणी केंद्रात विद्युतदाब सोडण्यात आला, तेव्हा बातम्यांत एकच आकडा गाजला: बारा लाख व्होल्ट. जगात इतक्या दाबावर वीज वाहून नेण्याचा विचार करणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यामुळे कौतुक रास्तच होते. मात्र त्या आकड्याच्या मागे दुसरा एक आकडा उभा होता आणि त्याची बातमी झाली नाही. बारा लाखांच्या वाहिनीवर बसवायची रोहित्रे आणि निरोधक वीस लाखांहून अधिक व्होल्टचा कृत्रिम तडिताघात सोसून दाखवतात, तेव्हाच ती वाहिनीवर चढतात. हा आघात सुमारे एका मायक्रोसेकंदात शिखर गाठतो आणि पुढच्या पन्नासएक मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो. डोळ्याची पापणी एकदा लवते तेवढ्या अवधीत असे हजारो आघात एकामागून एक मावतील.

चाचणीच्या प्रमाणपत्रावर मग एक संख्या लिहिली जाते. ती संख्या खरी कशावरून? पाच टक्के कमी दाखवणारे मापन चांगले रोहित्र चाचणीतच फोडू शकते, आणि पाच टक्के जास्त दाखवणारे मापन दुबळे रोहित्र उत्तीर्ण करून वाहिनीवर पाठवू शकते. दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती उघडकीस येते एखाद्या पावसाळ्याच्या रात्री, प्रयोगशाळेपासून शेकडो किलोमीटरवर. या एका संख्येची विश्वासार्हता मिळवण्यासाठी विद्युत अभियंत्यांनी विसाव्या शतकाचा बराचसा भाग खर्ची घातला. त्या प्रयत्नांच्या केंद्रस्थानी एक अगदी साधी दिसणारी वस्तू आहे. ती म्हणजे रोधकांचा उभा स्तंभ, अर्थात रोध-विभाजक.

भारतात हा प्रश्न लवकर उद्भवला होता. कावेरीवरील शिवसमुद्रम येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे 147 किलोमीटरची वाहिनी 1902 साली सुरू झाली, तेव्हा ती जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांपैकी एक होती. दाब होता सुमारे 35 हजार व्होल्ट. पुढे 1915 साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली ती सुमारे एक लाख व्होल्टवर, सह्याद्रीच्या पायथ्यापासून, जिथे वळवाच्या ढगांचा गडगडाट दरवर्षी ठरलेला. उघड्या माळावरून आणि घाटाखालून धावणाऱ्या तारेवर वीज कोसळली की दाबाची एक लाट तारेतून दोन्ही दिशांना जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळत सुटते आणि वाटेतल्या चिनी मातीच्या निरोधकांवर व रोहित्रांच्या वेटोळ्यांवर आदळते. त्या लाटेची उंची किती आणि ती किती वेगाने चढते, हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते.

ढगातला दाब मोजणे ही वेगळीच गोष्ट. ऊटीच्या ग्रेप्स-3 प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी 1 डिसेंबर 2014 च्या एका मेघगर्जनेत सुमारे 130 कोटी व्होल्टचे विभवांतर असल्याचे अनुमान म्यूऑन कणांच्या संख्येत झालेल्या घटीवरून काढले आणि ते 2019 साली प्रसिद्ध केले. तिथे कोणता स्तंभ पोहोचणार? अभियंत्यांची गरज मात्र जमिनीवरची होती. तारेपर्यंत येणाऱ्या आघातासारखा आघात प्रयोगशाळेत हवा तेव्हा निर्माण करायचा आणि त्याची नेमकी उंची सांगायची.

निर्मितीचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. अमेरिकेत स्टाइनमेट्झ यांनी 1922 साली लाखाहून अधिक व्होल्टची कृत्रिम वीज पाडून वार्ताहरांना थक्क केले. जर्मनीत एर्विन मार्क्स यांनी 1923 च्या सुमारास जी मांडणी सुचवली ती आजही जगभर वापरात आहे. अनेक धारित्रे समांतर जोडून, म्हणजे प्रत्येकाला सारखाच माफक दाब देऊन भारित करायची. मग मधल्या फटींतून ठिणग्या पाडून क्षणार्धात ती एकापुढे एक अशी साखळीने जोडली जातील असे करायचे. प्रत्येकी एक लाख व्होल्टची वीस धारित्रे अशा रीतीने वीस लाखांचा आघात देतात. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात ठिणग्यांत, जोडण्यांत आणि चाचणीच्या वस्तूत काही दाब हरवतो. किती हरवतो हे गुणाकाराने कळत नाही, ते मोजावेच लागते.

मोजण्याचे पहिले साधन होते धातूच्या दोन गुळगुळीत गोळ्यांमधील फट. फट जितकी मोठी, तितका ठिणगी पडण्यासाठी लागणारा दाब जास्त. मोठ्या गोळ्यांमध्ये एक सेंटिमीटरची फट असेल तर समुद्रसपाटीच्या सर्वसाधारण हवेत सुमारे 31 ते 32 हजार व्होल्टच्या शिखराला ठिणगी पडते. अशा आकड्यांचे तक्ते तयार झाले, त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि भारतीय मानक 1876 मध्येही ते आले. या पद्धतीचा मोठेपणा असा की तिला दुसऱ्या कोणत्याही उपकरणाची साक्ष लागत नाही: दोन गोळे, एक मोजपट्टी, एक तापमापक आणि एक वायुदाबमापक एवढ्यावर तीन टक्क्यांच्या आत उत्तर मिळते.

वायुदाबमापकाचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. ठिणगी पडते हवेतून आणि हवा सगळीकडे सारखी नसते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता तक्त्यात गृहीत धरलेल्या घनतेच्या सुमारे 89 टक्केच भरते, आणि तितक्याच प्रमाणात ठिणगीचा दाब उतरतो. युरोपात छापलेला तक्ता बंगळूरच्या प्रयोगशाळेत जसाच्या तसा वापरला तर दहा टक्क्यांहून अधिक चूक ठरलेली. शिवाय पावसाळ्यातील दमटपणा, गोळ्यांवर बसलेली धूळ, कोपऱ्यात भिरभिरणारा एखादा किडा, ही सगळी मंडळी मापनात सहभागी होतात. या साऱ्यांवर दुरुस्त्या आहेत आणि विद्यार्थी त्या आजही शिकतात.

गोळ्यांचा खरा दोष दुसराच होता. ठिणगी फक्त एवढेच सांगते की दाब इथपर्यंत पोहोचला. तो कधी पोहोचला, कसा चढला, शिखरावर थरथरला का, कसा उतरला, याबद्दल ती मौन पाळते. निरोधकाचा जीव मात्र याच गोष्टींवर अवलंबून असतो. हळू चढणारा दाब ज्याला सोसतो, तोच निरोधक झपाट्याने चढणाऱ्या दाबापुढे वेगळा वागतो. आणखी एक अडचण म्हणजे ठिणगी पडताच आघातच संपतो. ज्याची उंची मोजायची त्याचाच बळी देऊन मोजमाप होते, आणि विश्वसनीय आकडा काढायला तोच आघात अनेकदा द्यावा लागतो.

आकाराचे चित्र काढण्याच्या प्रयत्नांपैकी एक मोठा मनोरंजक आहे. जर्मनीतील लिख्टेनबर्ग यांना 1777 साली निरोधक पृष्ठावर विद्युतभाराने उमटलेल्या चांदण्यांसारख्या नक्षी दिसल्या होत्या. 1924 साली अमेरिकेत पीटर्स यांनी त्याच नक्षी छायाचित्रणाच्या फितीवर घेणारे उपकरण तयार केले आणि ते वाहिन्यांवर बसवून वाट पाहत राहण्याची पद्धत सुरू झाली. नक्षीच्या व्यासावरून दाबाचा अंदाज बांधता येई. पण तो अंदाजच. खरी क्रांती केली ती कॅथोड किरणांच्या ऑसिलोग्राफने. बर्लिनमध्ये 1920 च्या दशकात डेनिस गाबोर नावाचा तरुण हंगेरियन अभियंता डॉक्टरेटसाठी वाहिन्यांवरील धावत्या लाटा टिपू शकणारा जलद ऑसिलोग्राफ बांधत होता. पुढे होलोग्राफीसाठी 1971 साली नोबेल पारितोषिक मिळवणारे गाबोर ते हेच.

इलेक्ट्रॉनांचा झोत एका मायक्रोसेकंदात पडद्यावर रेघ ओढू शकतो, हे सिद्ध झाले. पण त्या झोताला वळवण्यासाठी शेकडो किंवा फार तर काही हजार व्होल्ट लागत आणि तेवढेच झेपत. वीस लाखांना हजारावर आणायचे, तेही त्यांचा आकार तसूभरही न बिघडवता. दाब विभागणाऱ्या स्तंभाचा जन्म या गरजेतून झाला.

तत्त्व शाळकरी आहे. एकापुढे एक जोडलेल्या दोन रोधांवर दाब त्यांच्या प्रमाणात वाटला जातो. वर दहा हजार ओहम, खाली पाच ओहम. वर वीस लाख व्होल्ट, खाली सुमारे एक हजार. ओहमचा नियम शिकलेला कोणीही हे मांडू शकेल. अडचण अशी की वीस लाख व्होल्टपुढे रोधक फक्त रोधक राहत नाही.

पहिला प्रश्न उष्णतेचा. दहा हजार ओहमवर वीस लाख व्होल्ट म्हणजे 200 अँपिअर प्रवाह आणि शिखराच्या क्षणी 400 मेगावॅट शक्ती. औष्णिक केंद्रातील 210 मेगावॅटचे दोन संच मिळून जवळपास तेवढीच शक्ती देतात. सुदैवाने हा सारा खेळ काही दशक मायक्रोसेकंदांचा. एकूण ऊर्जा भरते 13 ते 14 किलोज्यूल. एक लिटर पाणी तिने जेमतेम तीन अंशांनी तापेल. पण विभाजकात पाणी नसते, काही शे ग्रॅम वजनाची केसासारखी बारीक तार असते, आणि तिचे तापमान एका फटक्यात शंभर अंशांहून अधिक चढू शकते. म्हणून ज्याचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही अशी मिश्रधातूची तार निवडावी लागते आणि दोन आघातांमध्ये तिला निवायला वेळ द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न तारेच्या वेटोळ्यांचा. तार गुंडाळली की तिच्यात प्रेरकता येते आणि झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला ती अडवते. यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकातच तयार होता. एकाच नळीवर दोन तारा परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळून समांतर जोडायच्या, म्हणजे एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरी मिटवते. ही गुंडाळणी एअर्टन आणि पेरी यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांपैकी विल्यम एअर्टन यांनी आपल्या कारकिर्दीची सुरुवात भारतात केली होती. 1868 साली ते भारतीय तारखात्यात रुजू झाले आणि इथल्या लांबच लांब तारांमधील बिघाड नेमका कुठे झाला आहे हे विद्युत मापनाने शोधण्याच्या पद्धतीवर त्यांनी काम केले. पेरी यांच्याशी त्यांची जोडी पुढे तोक्योत जमली. तारायंत्राच्या काळातील हा माणूस उच्च दाबाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत गुंडाळणीच्या रूपाने आजही हजर आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत चिवट, आणि या इतिहासाचा गाभाही तोच. पाच-सहा मीटर उंचीचा स्तंभ प्रयोगशाळेच्या जमिनीवर उभा असतो. त्याचा प्रत्येक बिंदू आणि जमीन यांच्यामध्ये हवा असते, म्हणजे प्रत्येक बिंदू हा जमिनीसह एक छोटासा धारित्र असतो. कोणीही न बसवलेली ही भटकी धारिता दर मीटरला पंधराएक पिकोफॅरड भरते. संख्या क्षुल्लक वाटते. पण दाब झपाट्याने चढतो तेव्हा वरून निघालेला प्रवाह खालपर्यंत येण्याआधी वाटेतली ही अदृश्य भांडी भरत बसतो. तळाशी पोहोचणारा संकेत त्यामुळे उशिरा येतो आणि त्याची धार बोथट झालेली असते.

किती उशिरा, याचे गणित 1930 च्या दशकाच्या सुरुवातीस बर्च यांच्यासारख्या संशोधकांनी बसवले, आणि त्याच सुमारास अमेरिकेत बेलास्की प्रत्यक्ष प्रयोगांतून उंच आघातांच्या मापनाचा अभ्यास करत होते. धारिता स्तंभभर समान पसरली आहे असे मानले तर विलंब एकूण रोध आणि एकूण भटकी धारिता यांच्या गुणाकाराचा सहावा भाग येतो. दहा हजार ओहम आणि सहा मीटर स्तंभाचे 90 पिकोफॅरड घेतले की उत्तर मिळते 0.15 मायक्रोसेकंद.

पूर्ण आघातासाठी एवढा विलंब फारसा त्रास देत नाही. दाब शिखराजवळ आला की त्याची चाल मंदावते, मागे पडलेला संकेत त्याला गाठतो आणि शिखराची उंची जवळपास बरोबर उमटते. पण चाचण्यांत आणखी एक प्रकार असतो: आघात चढत असतानाच तो तोडला जातो, कारण वाहिनीवरचा निरोधक फुटला की रोहित्राला असाच अर्धवट तुटलेला आघात सोसावा लागतो. समजा दाब अर्ध्या मायक्रोसेकंदात वीस लाखांवर चढला आणि तिथेच तुटला. चढण्याचा वेग झाला मायक्रोसेकंदाला चाळीस लाख व्होल्ट. 0.15 मायक्रोसेकंद मागे असलेला विभाजक तुटण्याच्या क्षणी सहा लाख व्होल्टने मागे असतो. पडद्यावर दिसतात चौदा लाख. रोहित्राने सोसलेले असतात वीस.

विभाजकाचा रोध ओहममापकाने तपासला तर तो तंतोतंत बरोबर निघेल. संथ दाब देऊन गुणोत्तर तपासले तर तेही बरोबर. उपकरणात काहीही बिघडलेले नाही, आणि तरीही आकडा तीस टक्क्यांनी खोटा. उच्च दाबाच्या मापनातील बहुतेक वाद या एका गोष्टीतून उपजले.

उपाय शोधताना अभियंते कात्रीत सापडले. रोध कमी केला तर विलंब घटतो, पण उष्णता वाढते आणि विभाजकच जनित्राचा दाब खाली ओढू लागतो. मोजणाराच मोजमाप बदलतो. स्तंभ बुटका केला तर धारिता घटते, पण मग ठिणगी स्तंभाच्या अंगावरूनच धावते. माथ्यावर धातूचे मोठे कडे बसवले तर त्याच्यापासून स्तंभाकडे जाणारी धारिता जमिनीकडे गळणाऱ्या प्रवाहाची काही अंशी भरपाई करते. या कड्यांचे व्यास ठरवण्यात बरीच वर्षे गेली आणि त्यात गणिताइतकाच हाताचा अनुभव कामी आला. काहींनी रोध सोडून धारित्रांचा स्तंभ उभा केला. त्यात उष्णतेचा प्रश्न मिटतो, पण धारित्रे आणि जोडणीच्या तारांची प्रेरकता मिळून संकेत झोके घेऊ लागतो. 1960 च्या दशकात झेंगल यांनी प्रत्येक धारित्राबरोबर थोडा रोध गुंफून हे झोके शमवले. लाखो व्होल्टच्या मोठ्या दालनांत आज बहुधा हाच मिश्र स्तंभ दिसतो. शुद्ध रोध-विभाजक मात्र निवृत्त झाला नाही. दहा-वीस लाखांच्या आतील तडित-आघातांसाठी, आणि विशेषतः इतर विभाजकांची परीक्षा घेणारा संदर्भ म्हणून, त्याचे स्थान टिकून राहिले. त्याचे दोष पूर्ण ओळखीचे आहेत आणि ते गणिताने पकडता येतात, हे त्यामागचे एक कारण.

स्तंभाच्या पायथ्याशीही कमी घोटाळे होत नाहीत. तिथून ऑसिलोग्राफपर्यंत जाणारी केबल योग्य रोधाने संपवली नाही तर संकेत टोकावरून परत फिरतो आणि स्वतःवरच स्वार होतो. आघाताच्या क्षणी प्रयोगशाळेची जमीनदेखील जमीन राहत नाही. शेकडो अँपिअर झटक्यात धावल्यामुळे तिच्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. म्हणून तांब्याच्या रुंद पट्ट्या जमिनीखाली अंथरल्या जातात आणि मोजणारी माणसे व यंत्रे धातूच्या जाळीच्या खोलीत बसतात. ही सगळी तयारी एका नागमोडी रेघेसाठी.

रेघेचा आकार कोणता असावा, यावरही मतभेद होतेच. युरोपात एक मायक्रोसेकंदात चढणारा आणि 50 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणारा आघात प्रमाण मानत. अमेरिकेत दीड आणि 40. शेवटी आंतरराष्ट्रीय मानकात 1.2 आणि 50 हे आकडे आले, चढण्याला 30 टक्के आणि उतरण्याला 20 टक्के सूट देऊन. हिशेब केला तर या सवलतीत जुने दोन्ही आघात अलगद बसतात. समझोता इतका चतुर की कोणालाही आपली जुनी यंत्रे मोडीत काढावी लागली नाहीत.

भारतात या विद्येचे घर झाले ते बंगळूर. भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत तंत्रज्ञानाचे शिक्षण 1911 पासून सुरू होते. उच्च दाब अभियांत्रिकीचा विभाग स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत आकाराला आला आणि पुढे त्याच्या उंच दालनात तीस लाख व्होल्टचे आवेग-जनित्र उभे राहिले. याच शहरात 1960 साली केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्था स्थापन झाली आणि तिची अत्युच्च दाबाची प्रयोगशाळा हैदराबादला उभारण्यात आली, पन्नास लाख व्होल्टच्या जनित्रासह. देशातील पारेषणाचा दाब 1977 साली ओब्रा ते सुलतानपूर वाहिनीने 400 किलोव्होल्टवर गेला आणि 2007 साली 765 वर. प्रत्येक पायरीला चाचणीच्या आघाताची उंची वाढली, त्याबरोबर स्तंभाची उंची वाढली, आणि स्तंभाबरोबर भटकी धारिताही. म्हणजे 400 साठी सोडवलेला प्रश्न 765 साठी पुन्हा नव्याने सोडवावा लागला.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर एम. एस. नायडू आणि व्ही. कामराजू यांच्या पाठ्यपुस्तकाचे ऋण मोठे आहे. 1980 च्या दशकापासून देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्यांनी रोध-विभाजकाचे गणित सोडवले, त्यांपैकी बहुतेकांनी ते या पुस्तकातून सोडवले. त्यातले अनेक जण प्रत्यक्ष स्तंभासमोर कधीच उभे राहिले नसतील. अशा प्रयोगशाळा देशात मोजक्याच.

विश्वासाचा प्रश्न तरीही उरतोच. फार काळ मानकांची भूमिका अशी होती की विभाजकाचा विलंब ठरावीक मर्यादेत असला म्हणजे तो चालेल. पण दोन विभाजकांचा विलंब सारखा असूनही त्यांनी एकच आघात वेगवेगळा दाखवावा, असे घडू शकते. एक संथपणे मागे पडतो, दुसरा आधी पुढे उसळी घेऊन मग मागे येतो आणि सरासरीत दोघे सारखे दिसतात. 1994 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने वाट बदलली. विभाजकाने आपल्यापेक्षा अधिक अचूक अशा संदर्भ-विभाजकाशेजारी उभे राहायचे, दोघांना एकच आघात द्यायचा आणि नोंदी ताडून पाहायच्या. शिखराच्या उंचीत तीन टक्के आणि काळात दहा टक्के एवढीच अनिश्चितता क्षम्य. गोळ्यांची फटदेखील शिखराच्या बाबतीत तीन टक्क्यांवरच होती. सत्तर वर्षांच्या खटपटीनंतर आकडा तोच राहिला असे वरवर वाटेल. पण आता त्या तीन टक्क्यांत आघाताचा संपूर्ण आकार आला, आणि तो नष्ट न करता.

मायक्रोसेकंदाकडून नॅनोसेकंदाकडे वळले की स्तंभाचे सगळे गणित पुन्हा कोसळते. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 'काली' नावाच्या इलेक्ट्रॉन त्वरकांची मालिका विकसित होत गेली. नाव किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. समाजमाध्यमांवर त्याला कधी लेझर अस्त्र तर कधी हिमकडे कोसळवणारे यंत्र ठरवले गेले; प्रत्यक्षात तो लाखो व्होल्टचा, एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून छोटा स्पंद इलेक्ट्रॉनांच्या झोतावर लादणारा त्वरक आहे, आणि क्ष-किरणांचे झोत व शक्तिशाली सूक्ष्मलहरी यांच्या संशोधनासाठी तो वापरला गेला. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. तीन मीटरच्या स्तंभाच्या माथ्यावर घडलेली गोष्ट पायथ्याला दहा नॅनोसेकंद कळतच नाही. अशा ठिकाणी उंच स्तंभाला अर्थ नसतो.

तिथे वापरला जाणारा रोधक पाहून द्राक्षबागायतदारांनाही ओळखीचा वास येईल: मोरचूद. बोर्डो मिश्रणातला हा निळा क्षार पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या नळीत भरला आणि दोन्ही टोकांना तांब्याचे अग्र बसवले की रोधक तयार. ब्रिटनमध्ये ऑल्डरमास्टन येथे 1960 च्या दशकात जे. सी. मार्टिन यांच्या गटाने स्पंदशक्तीच्या क्षेत्रात अशी साधी, स्वस्त आणि दणकट साधने रूढ केली, आणि कालीच्या प्रयोगांतही स्पंदाचा दाब मोजायला मोरचुदाच्या द्रावणाचा विभाजक वापरला गेला. द्रावणात वेटोळी नाहीत, म्हणून प्रेरकता अत्यल्प. पाणी उष्णता सहज पोटात घेते. तांब्याचेच अग्र असल्यामुळे एका टोकाचे तांबे विरघळते तेवढेच दुसऱ्या टोकावर बसते आणि वायूचे बुडबुडे सुटत नाहीत. खोट आहे ती तापमानाची: दर अंशाला या द्रावणाचा रोध सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो. वरची आणि खालची बाजू एकाच द्रावणाची ठेवली तर दोन्ही सारख्याच बदलतात आणि गुणोत्तर जागच्या जागी राहते. मुंबईच्या उकाड्यात हा मुद्दा शोभेचा नाही.

इतके करूनही नॅनोसेकंदांच्या जगात विभाजकाने सांगितलेला आकडा शेवटचा नसतो. विभाजक जोडलेला बिंदू आणि इलेक्ट्रॉन जिथून सुटतात तो अग्र यांच्यामध्ये धातूचा थोडासा दांडा असतोच. त्याची प्रेरकता 100 नॅनोहेन्री धरली आणि प्रवाह दहा नॅनोसेकंदांत दहा हजार अँपिअर चढला, तर त्या दांड्यावरच एक लाख व्होल्ट पडतात. ते वजा करावे लागतात, आणि त्यासाठी प्रवाह किती वेगाने चढला हे दुसऱ्या उपकरणाने त्याच क्षणी मोजलेले असावे लागते. त्वरकाच्या बातम्यांत छापला जाणारा किलोव्होल्टचा आकडा अशा वजाबाक्यांनंतरचा असतो.

मोठ्या दालनांतील स्तंभांची परीक्षा दरवर्षी व्हावी असे मानक सुचवते; पाच वर्षांच्या पलीकडे तर ती टाळताच येत नाही. त्या परीक्षेच्या एका टप्प्यात वीज पाडली जात नाही आणि दालनात आवाजही होत नाही. स्तंभाच्या माथ्यावर काही शे व्होल्टचा, पायरीसारखा सरळ उभा स्पंद दिला जातो. तो देणारा छोटा स्विच पाऱ्याने ओला ठेवलेला असतो, म्हणजे जोडणी थरथरणार नाही. मग पायथ्याशी ती पायरी किती तिरपी होऊन पोहोचली, हे पडद्यावर पाहिले जाते आणि तिच्या कलाची नोंद मागच्या परीक्षेच्या नोंदीशेजारी ठेवली जाते.